लहान कला महाविद्यालयात शिकलेल्यांचे अनुभव हवे आहेत (खान्देश)

तापीकाठ:

सर्वांना नमस्कार. माझी मुलगी यंदा कला शाखेतून बारावी उत्तीर्ण झाली असून इतिहास घेऊन बी.ए. करण्याचा तिचा विचार पक्का आहे. नर्सिंग करा, डी.एड. करा, कॉम्प्युटरचा एखादा कोर्स लावा, असे सगळे सल्ले नातेवाइकांनी देऊन झाले. ती शांतपणे ऐकून घेते आणि पुन्हा इतिहासावर येते. आम्ही जळगाव जिल्ह्यात तापीच्या उत्तरेकडील एका गावात राहतो. थोडी केळी आणि बाकी कापूस, असे घर आहे.

घरापासून अकरा किलोमीटरवर, तालुक्याच्या गावी, एक कला महाविद्यालय आहे. पहिल्या वर्षाला साठ-सत्तर मुले असतात आणि तिसऱ्या वर्षापर्यंत एकेका विषयाला दहा-बारा उरतात, असे ऐकतो. दुसरा पर्याय अमळनेर किंवा जळगाव येथील जुन्या, मोठ्या महाविद्यालयाचा आहे; तेथे वसतिगृहाचा खर्च येईल, पण तो झेपण्यासारखा आहे. तिसरा पर्याय माझ्या भाच्याने सुचवला. त्याने पुण्यातील एका खासगी विद्यापीठाच्या लिबरल आर्ट्स अभ्यासक्रमाचे माहितीपत्रक पाठवले असून त्याची फी लाखांत आहे. त्या पत्रकात ‘लहान वर्ग, प्राध्यापकांशी थेट संवाद, शाखांच्या भिंती नाहीत’ असे मोठ्या अक्षरांत छापले आहे. ते वाचल्यापासून एक गोष्ट मनातून जात नाही. लहान वर्ग तर आमच्या तालुक्यातही आहे. मग पुण्यात ज्या गोष्टीसाठी लाखो रुपये मोजावे लागतात, तीच गोष्ट आमच्याकडे ‘तिथे मुलेच नाहीत, कशाला घालता’ अशी कमीपणाची का ठरते?

खान्देशातील अशा लहान कला महाविद्यालयात प्रत्यक्ष शिकलेल्या किंवा शिकवणाऱ्या मंडळींनी आपले अनुभव सांगावेत, ही विनंती. महाविद्यालयाचे नाव सांगण्याची गरज नाही.

बोरीकाठचा मास्तर:

दादा, मी अशाच एका महाविद्यालयातून २०११ साली मराठी विषयात बी.ए. झालो आणि सध्या पारोळ्याच्या बाजूला माध्यमिक शाळेत शिकवतो. आमच्या टी.वाय.च्या, म्हणजे तिसऱ्या वर्षाच्या, वर्गात नऊ जण होते, पाच मुली आणि चार मुले. वर्गखोली पावसाळ्यात गळत असे म्हणून जुलै ते सप्टेंबर आमचे तास सरांच्या खोलीतच, त्यांच्या टेबलाभोवती बसून झाले. त्या तीन महिन्यांत मी जेवढे शिकलो, तेवढे उरलेल्या अडीच वर्षांत शिकलो की नाही, याची मला शंका आहे. टेबलाभोवती बसल्यावर मागचा बाक उरत नाही. कविता वाचून आलो नाही, हे सरांना विचारावे लागत नसे. ते चेहऱ्यावर दिसत असे.

भाषाविज्ञानाच्या पेपरच्या वेळचा प्रसंग सांगतो. सरांनी ‘शब्द’, ‘ध्वनी’ यांच्या व्याख्या फळ्यावर लिहून दिल्या नाहीत. घरी जाऊन आजीशी अर्धा तास बोला आणि ती जे बोलेल ते जसेच्या तसे लिहून आणा, असे त्यांनी सांगितले. आम्ही घरच्या अहिराणीने वह्या भरून आणल्या. ‘आंडोर’ म्हणजे मुलगा, ‘आंडेर’ म्हणजे मुलगी, ‘आहे’च्या जागी ‘शे’, ‘करतो आहे’च्या जागी ‘करी राहिना’. मग सरांनी गुजरातीतील ‘छे’ आणि हिंदीतील ‘कर रहा’ शेजारी मांडले आणि आम्हाला विचारले, की या रूपांचे एकमेकांशी काय नाते असेल ते तुम्हीच सांगा. शाळेत दहा वर्षे ‘अशुद्ध बोलू नका’ म्हणून ज्या बोलण्याबद्दल छड्या खाल्ल्या, त्या बोलण्याला व्याकरण असते, हे मला वयाच्या विसाव्या वर्षी कळले. नऊ वह्या तपासणे जमते, सत्तर जमत नाहीत, एवढे साधे ते गणित होते.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दिवाळीनंतर कापूस वेचणी सुरू झाली की आमच्यातील निम्मे गैरहजर असत, कारण मजुरी देण्यापेक्षा घरातील माणसे शेतात लागत. तिघे-चौघेच आले की तास होत नसे, गप्पा होत. शिवाय मी महाविद्यालयात पहिला आलो होतो आणि त्याचा मला चांगलाच ताठा होता. बी.एड.च्या वर्गात गेल्यावर ध्यानात आले, की नऊ जणांतला पहिला म्हणजे फार काही नाही. आपल्यापेक्षा चांगले लिहिणारा माणूस मी तोपर्यंत पाहिलाच नव्हता. लहान वर्गात शिक्षक जवळ येतात, पण बरोबरीचे थोडे असतात, आणि त्या वयात बरोबरीच्यांकडूनही तेवढेच शिकायचे असते. मुलीला घालणार असाल तर वर्षातून दोन वेळा तरी तिला बाहेरच्या वक्तृत्व किंवा निबंध स्पर्धेला पाठवा. बक्षीस मिळाले नाही तरी इतर मुली काय वाचतात, ते तिला दिसेल.

प्राध्यापक, इतिहास:

मी धुळे जिल्ह्यातील एका ग्रामीण महाविद्यालयात बावीस वर्षे इतिहास शिकवतो आहे, त्यामुळे माझे म्हणणे आतल्या माणसाचे आहे, असे समजून वाचावे.

तापीकाठ यांच्या प्रश्नाला माझे उत्तर असे, की पुण्यातील तो वर्ग लहान ठेवलेला आहे आणि आपला लहान उरलेला आहे. त्यांनी प्रवेश थांबवून संख्या राखली आहे आणि तेवढ्या संख्येसाठी पूर्णवेळ शिक्षक नेमले आहेत. आपल्याकडे मुले गळत गेली म्हणून संख्या कमी झाली, आणि संख्या कमी झाली म्हणून कार्यभार कमी झाला. निवृत्त प्राध्यापकाची जागा भरली गेली नाही, ती तासिका तत्त्वावर, म्हणजे तासागणिक मानधनावर, आली. त्यामुळे वर्गात किती मुले आहेत, हा प्रश्न दुय्यम आहे. त्या दहा मुलांसमोर कोण उभे आहे आणि तो माणूस जूनपासून एप्रिलपर्यंत उभा आहे का, हे आधी विचारावे. तासिका तत्त्वावरील शिक्षकांना मी नावे ठेवत नाही. त्यांच्यापैकी अनेकजण नेट, सेट उत्तीर्ण आहेत, पीएच.डी. झालेले आहेत आणि दोन-दोन महाविद्यालयांत एस.टी.ने ये-जा करून शिकवतात. परंतु ज्याला पुढच्या वर्षी आपण येथे असू की नाही हे माहीत नाही, त्याने एखाद्या मुलीला तीन वर्षे घडवावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे.

आता रचनेविषयी. जळगाव, धुळे व नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालये १९९०मध्ये स्थापन झालेल्या विद्यापीठाशी, म्हणजे आजच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाशी, संलग्न आहेत. म्हणजे स्वायत्त महाविद्यालये सोडली तर लहान महाविद्यालय असो की मोठे, अभ्यासक्रम एकच, परीक्षा एकच आणि पदवीही एकच. ‘लहान कॉलेजची पदवी चालत नाही’ असे जे गावात बोलले जाते, त्यात तथ्य नाही. २०२४-२५पासून संलग्न महाविद्यालयांतही नव्या शैक्षणिक धोरणाची रचना आली आहे. तीन वर्षांच्या पदवीला किमान १३२ श्रेयांक (क्रेडिट) लागतात. चौथे वर्ष करून १७६ श्रेयांक पूर्ण केल्यास ऑनर्स पदवी मिळते. एक मेजर (मुख्य) विषय, एक मायनर (दुय्यम) विषय, त्याखेरीज दुसऱ्या विद्याशाखेतील मुक्त निवडीचे विषय, क्षेत्र प्रकल्प आणि प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण, असा तो आराखडा आहे. माहितीपत्रकातील ‘शाखांच्या भिंती नाहीत’ हे वाक्य आता कागदोपत्री आपल्याकडेही लागू झाले आहे. मात्र ज्या महाविद्यालयात केवळ कला शाखा आहे, तेथे दुसऱ्या शाखेचा विषय शिकवणार कोण, हा प्रश्न प्रत्येक प्राचार्यासमोर आहे आणि बहुतेक ठिकाणी उपलब्ध शिक्षकाला झेपेल तोच विषय ‘निवडीचा’ ठरतो.

म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी एक दिवस तेथे जाऊन या. इतिहासाला मान्यताप्राप्त पूर्णवेळ शिक्षक किती, मागील तीन वर्षांत इतिहासाचे तिसरे वर्ष सलग चालले का, चौथ्या वर्षाची परवानगी आहे का, हे कार्यालयात विचारा. त्यानंतर ग्रंथालयात जा आणि विद्यार्थ्यांना कपाटांपर्यंत जाऊ देतात की खिडकीतून चिठ्ठी द्यावी लागते, ते पाहा. मी स्वतः एखाद्या महाविद्यालयाची पारख याच एका गोष्टीवरून करतो. इमारत आणि नॅकच्या मूल्यांकनाची श्रेणी नंतर.

आणि इतिहासाच्या मुलीसाठी खान्देश ही दरिद्री जागा आहे, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. माझ्या विद्यार्थ्यांना मी दरवर्षी धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात घेऊन जातो. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली धुळ्यातच वारले आणि त्यांनी गावोगाव पायपीट करून जमवलेली कागदपत्रे मंडळाने सांभाळली. मोडी दस्तऐवज प्रथमच पाहणाऱ्या मुलांच्या तोंडून निघणारा ‘हे मराठी आहे?’ हा प्रश्न मी बावीस वेळा ऐकला आहे.

थोडे विषयांतर करतो, पण ते अगदीच विषयाबाहेरचे नाही. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शके ११२८च्या शिलालेखात, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढल्याची नोंद आहे. लेख बहुतांशी संस्कृतात आहे; परंतु पेठेतील मालावरच्या ज्या कराचे उत्पन्न राजाकडे जात होते ते मठाला दिले, हा व्यवहाराचा भाग मात्र मराठीत आहे, कारण तो व्यापाऱ्यांना समजायला हवा होता. आठशे वर्षांपूर्वी सातमाळ्याच्या पायथ्याशी एक लहान विद्यालय होते आणि त्याच्या अनुदानाची तरतूद दगडावर कोरून ठेवली होती. आमच्या रिक्त पदांची फाईल मंत्रालयात कोणत्या टेबलावर आहे, हे मात्र आम्हाला कळत नाही.

अक्राणीची मुलगी:

सरांनी लिहिलेले सर्व खरे आहे. मी ते विद्यार्थिनीच्या बाजूने भोगले आहे, म्हणून लिहिते.

मी धडगाव तालुक्यातील आहे. घरची भाषा पावरी, आम्हा पावरा आदिवासींची बोली. माझे आईवडील दरवर्षी ऊसतोडीला गुजरातेत जात आणि मी आश्रमशाळेत व नंतर शासकीय वसतिगृहात राहून शिकले. घरात पदवीला जाणारी मी पहिलीच. मला राज्यशास्त्र घ्यायचे होते आणि दोन वर्षे मी तो विषय घेतलाही. तिसऱ्या वर्षाच्या प्रवेशाच्या दिवशी कार्यालयातून सांगण्यात आले, की यंदा राज्यशास्त्राचे स्पेशल पुरेशा संख्येअभावी उघडणार नाही, मराठी किंवा इतिहास घ्या. आम्ही चौघी होतो. दुसऱ्या गावी जायचे तर वसतिगृहाची जागा सुटत होती, म्हणून मी इतिहास घेतला. त्या वर्षी एका विषयाच्या शिक्षकांची नेमणूक दिवाळीनंतर झाली, तोपर्यंत आम्ही गाईड वाचत होतो. या गोष्टीचा राग मला आजही आहे. लहान ठिकाणी सर्वजण प्रेमाने बोलतात, म्हणून तक्रार करणे अवघड जाते. ‘बेटा, काय करणार, वरूनच नाही’ असे प्राचार्यांनी म्हटल्यावर भांडणार कोणाशी?

पण त्याच महाविद्यालयात ग्रंथालयातील शिपाईकाका दुपारी जेवायला जाताना मला आत बसवून बाहेरून कडी घालून जात, कारण वसतिगृहात दिवसा वाचायला जागा नव्हती. हे नियमात बसत नसावे. त्या पाऊण तासांत मी राज्यघटनेवरची जेवढी मराठी पुस्तके होती तेवढी वाचली. राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिरात आम्ही एका पाड्याचे सर्वेक्षण केले, तेव्हा पावरी येणारी मी एकटीच असल्याने सगळे प्रश्न मला विचारावे लागले आणि मी आयुष्यात पहिल्यांदा कोणासमोर तरी वहीत लिहिणारी बाई झाले.

पुण्यात एम.ए.ला गेल्यावर पहिल्याच चर्चासत्रात मॅडमनी विचारले, ‘तुम्हाला स्वतःला काय वाटते?’ मला उत्तर माहीत नव्हते असे नाही. असा प्रश्न विद्यार्थ्याला विचारतात, हेच माहीत नव्हते. ते पूर्ण सत्र मी गप्प बसून काढले. आज मी वनहक्क कायद्याखालील दावे तयार करण्याचे काम करते. २००६चा तो कायदा मी गावात बसून पावरीत समजावून सांगते आणि मराठीत अर्ज लिहिते. तापीकाठ काका, तुमच्या मुलीला गावाजवळ शिकवा किंवा लांब शिकवा, पण तिला काय वाटते हे विचारणारे एक तरी शिक्षक तेथे आहेत का, एवढे पाहून घ्या.

भुसावळ जंक्शन:

मी तिसऱ्या पर्यायातून गेलेला आहे. वडील रेल्वेत होते, शैक्षणिक कर्ज काढून मी पुण्यात लिबरल आर्ट्सची पदवी घेतली आणि त्याचा हप्ता अजून दोन वर्षे चालेल.

या कल्पनेचे मूळ अमेरिकेतील आहे. ॲमहर्स्ट किंवा स्वार्थमोर यांसारखी तेथील महाविद्यालये एकोणिसाव्या शतकापासून चालू आहेत आणि आजही दोन हजारांच्या आतच विद्यार्थी घेतात. निवासी असतात आणि मोठे संशोधकही तेथे बी.ए.च्याच मुलांना शिकवतात. आमच्याकडे त्याची जमेल तेवढी नक्कल होती. मला खरा लाभ झाला तो एकाच गोष्टीचा: दर आठवड्याला दोन पानांचा निबंध लिहावा लागे आणि तो लाल शाईने भरून परत येई. ‘हे कशावरून?’ हा शेरा मला पहिल्या वर्षी किमान शंभर वेळा मिळाला. बाकी पोहण्याचा तलाव, महोत्सव, परदेशी पाहुणे हे सगळे विसरलो.

एक गंमत सांगतो. भारतीय तत्त्वज्ञानाच्या तासाला कृष्णचंद्र भट्टाचार्य यांचे नाव आले आणि १९३०च्या दशकात ते अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात संचालक होते, असे सरांनी सांगितले. भुसावळहून सुरतेकडे मामाकडे जाताना मी अमळनेर स्टेशनवर किती वेळा पाण्याची बाटली भरली असेल. पण प्रताप शेठांनी १९१६ साली काढलेल्या त्या संस्थेत देशभरातून लोक वेदान्त अभ्यासायला येत आणि साने गुरुजीही तेथे राहिले होते, हे कळायला मला पुण्यात लाखो रुपये भरावे लागले.

कर्ज काढून या मार्गाने जा, असे मी सांगणार नाही. बंगळूरूच्या अझीम प्रेमजी विद्यापीठासारख्या काही ठिकाणी घरचे उत्पन्न पाहून फी माफ होते, तेथे अर्ज जरूर करावा. अन्यथा आठवड्याला दोन पाने लिहून ती कोणाकडून तरी तपासून घेण्याची व्यवस्था तालुक्यातही होऊ शकते. स्पर्धा परीक्षेच्या दृष्टीनेही याचा उपयोग आहे, कारण २०२५पासून राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली असून वैकल्पिक विषयाच्या प्रत्येकी २५० गुणांच्या दोन प्रश्नपत्रिका आहेत, आणि इतिहास त्या विषयांत आहे. पर्याय रंगवून तेथे भागत नाही.

तापीकाठ:

सर्वांचे मनापासून आभार. आम्ही काल जाऊन आलो. इतिहासाला एक पूर्णवेळ मॅडम आणि एक तासिका तत्त्वावरील सर आहेत. तिसरे वर्ष गेली पाच वर्षे सलग चालले आहे. चौथ्या वर्षाची परवानगी नाही. ग्रंथालयात चिठ्ठीच द्यावी लागते. पुढचे मुलगीच लिहिते म्हणते.

तापीकाठ (मुलगी लिहीत आहे):

नमस्कार. बाबांनी माझ्याबद्दल एवढे लिहिले, म्हणून मीही लिहिते. ग्रंथालयात मी खिडकीतून खान्देशचे १८८०चे गॅझेटियर आहे का, असे विचारले. ते इंग्रजीत आहे हे मला माहीत आहे, पण त्यात आमच्या तालुक्याची माहिती आहे, असे शाळेतील सरांनी सांगितले होते. खिडकीवरच्या दादांनी यादीत पाहून ‘नाही’ सांगितले. मॅडम तेथेच होत्या. त्यांनी मला कशासाठी हवे ते विचारले आणि स्वतःच्या कपाटातून त्याची झेरॉक्स काढून दिली, नाव-गाव काही न विचारता. मी तेथेच प्रवेश घेणार आहे. चौथ्या वर्षासाठी अमळनेरला जाईन, तोपर्यंत आईला सवय होईल. दर शनिवारी दोन पाने लिहून दाखवली तर चालेल का, असे मी मॅडमना विचारले, तर त्या ‘शनिवारी माझी पाचोऱ्याची गाडी असते, शुक्रवारी आण’ म्हणाल्या.

सर, मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. मायनर विषय मराठी घ्यावा की राज्यशास्त्र? आणि पाटणच्या शिलालेखातील मराठी ओळी वाचायच्या असतील तर आधी मोडी शिकावी लागेल का?

प्राध्यापक, इतिहास:

मायनर म्हणून मराठी घे. राज्यशास्त्र स्वतः वाचून समजते, जुनी मराठी शिकवणारे माणूस लागते. पाटणचा लेख मोडीत नाही, देवनागरीत कोरलेला आहे, त्यामुळे त्यासाठी मोडीची गरज नाही. अडचण येईल ती भाषेची. त्यातले ‘मढा दीन्हला’ म्हणजे ‘मठाला दिला’. यादवकालीन मराठीची अशी पाच-पन्नास रूपे ओळखीची झाली की बाकीचे हळूहळू उलगडते. मोडी मात्र तरीही शीक, कारण पेशवाईतले कागद त्याशिवाय उघडत नाहीत. राज्याच्या पुराभिलेख विभागाकडून तिचे वर्ग घेतले जातात आणि सहा आठवडे रोज एक तास बसलीस तर अक्षर लागते. लेखाचा छापील पाठ माझ्याकडे आहे. तुमच्या मॅडमच्या पत्त्यावर पाठवतो. पहिल्या वाचनात जे शब्द कळणार नाहीत त्यांच्याखाली पेन्सिलीने रेघ मार, पेनाने नको, ती माझी एकुलती एक प्रत आहे.